११६ विजयांचा संघ आणि वीस बाजूंचा फासा

एमएलबी शोडाउन हा कार्डं आणि फाशाने खेळायचा बेसबॉलचा खेळ (एमएलबी म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची मोठी लीग) आता दुकानात नवा मिळत नाही. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो २००० साली काढला, २००५ पर्यंत दर मोसमाला नवी कार्डं आणली आणि मग बंद केला. ही कंपनी सिअ‍ॅटलजवळच्या रेंटनची. आम्हीही त्याच भागात राहतो, त्यामुळे इथल्या जुन्या कार्डांच्या दुकानांत या खेळाचे खोके अजून सापडतात. माझी लेक सॉफ्टबॉल खेळते. तिला एका दुकानात २००२ च्या संचाची सुटी कार्डं भरलेला खोका दिसला, आणि घरी येऊन तिने तो जेवणाच्या टेबलावर ओतला.

मला बेसबॉल तोवर कळत नव्हता असं नाही. इतकी वर्षं इथे काढल्यावर स्ट्राइक, बॉल, होमरन एवढं कानावर पडतंच. पण तो खेळ मला सपाट दिसायचा. एक जण चेंडू टाकतो, दुसरा बहुतेक वेळा चुकतो, आणि मधेच कधीतरी सगळे उभे राहून ओरडतात. क्रिकेटमध्ये खेळपट्टीवर नवा माणूस आला की लगेच मनात हिशेब सुरू होतो: हा कोणत्या बाजूला मारेल, याला आखूड चेंडू जमतो का. तसा हिशेब मला बेसबॉलमध्ये कधी सुरूच झाला नव्हता. तो या कार्डांनी सुरू करून दिला.

कार्डावर खेळाडूचा फोटो असतो आणि कडेला एक लहानसा तक्ता. बॅटरच्या, म्हणजे चेंडू मारणाऱ्याच्या, कार्डावर सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे ऑन-बेस; पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, कार्डावर कंट्रोल. खेळायला वीस बाजूंचा एक फासा लागतो. प्रत्येक बॅटरसाठी तो दोनदा टाकायचा. पहिल्यांदा पिचरच्या बाजूने टाकायचा आणि जो आकडा पडेल त्यात कंट्रोल मिळवायचा. ही बेरीज बॅटरच्या ऑन-बेसपेक्षा जास्त झाली तर वरचष्मा पिचरचा. बरोबरी झाली किंवा बेरीज कमी पडली तर बॅटरचा. मग दुसऱ्यांदा फासा टाकायचा आणि ज्याचा वरचष्मा असेल त्याच्या तक्त्यात निकाल बघायचा. पिचरच्या तक्त्यात बहुतेक आकड्यांना आउट लिहिलेलं असतं. बॅटरच्या तक्त्यात बहुतेक आकड्यांना तो बेसवर पोचतो. बेस म्हणजे मैदानाच्या चार कोपऱ्यांवरचे थांबे, सगळे फिरून आलं की एक धाव.

समजा पिचरचा कंट्रोल ४ आहे आणि बॅटरचा ऑन-बेस १०. मग पिचरला फाशावर ७ किंवा वर काहीही चालतं, म्हणजे वीसपैकी १४ आकडे, ७० टक्के. बॅटरच्या तक्त्यात समजा १ ते ५ आउट, ६ ते ११ वॉक (न मारताच पहिला बेस), १२ ते १६ सिंगल (फटक्यावर एक बेस), १७-१८ डबल (दोन बेस) आणि १९-२० होमरन (एकाच फटक्यात सगळे बेस). एवढ्या दोन ओळींत त्या माणसाचा अख्खा मोसम मावलेला असतो.

शाळेत आम्ही बुक क्रिकेट खेळायचो. पान उघडायचं, पानाच्या आकड्याचा शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आला की आउट. मजा यायची, पण तेंडुलकर असो की व्यंकटेश प्रसाद, पान दोघांना सारखंच उघडायचं. शोडाउनमध्ये पहिल्याच सामन्यात मला तो फरक जाणवला. फासा तोच, हात तोच, पण समोर कोणतं कार्ड आहे त्यावर छातीत धडधड कमीजास्त होते.

खोक्यात २००२ चा संच होता, आणि तो संच २००१ च्या मोसमावर बेतलेला. सिअ‍ॅटलमध्ये २००१ हा आकडा नुसता उच्चारला तरी पुरतं. त्या वर्षी सिअ‍ॅटल मरिनर्सनी १६२ पैकी ११६ सामने जिंकले. एवढे विजय त्याआधी फक्त १९०६ साली शिकागो कब्जना मिळाले होते. जपानहून नुकताच आलेला इचिरो सुझुकी पहिल्याच वर्षी २४२ हिट्स (बेसवर पोचवणारे फटके) आणि .३५० ची सरासरी (म्हणजे शंभर प्रयत्नांत पस्तीस हिट्स) घेऊन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ब्रेट बूनने ३७ होमरन मारले, १४१ धावा आणल्या. आणि हा संघ अमेरिकन लीगच्या (मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एकीच्या) अंतिम मालिकेत न्यूयॉर्क यांकीजकडून ४-१ असा हरला.

हे सगळं मला शेजारच्या आजोबांकडून कळलं. ते निवृत्त आहेत आणि मरिनर्सचे जुने चाहते. टेबलावरची कार्डं बघून ते खुर्ची ओढून बसले ते जेवणाच्या वेळेपर्यंत उठलेच नाहीत. लहानपणी ते स्ट्रॅट-ओ-मॅटिक खेळायचे. तोही असाच कार्ड आणि फाशांचा खेळ, १९६१ पासूनचा. हॅल रिचमन नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसाने तो काढला, आणि त्याची कल्पना त्याच्या डोक्यात अकराव्या वर्षापासून घोळत होती. त्याच्याही आधी, १९५१ पासून, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचा एपीबीए. त्यात एक मोठा आणि एक लहान असे दोन फासे टाकून आकडे शेजारी शेजारी वाचायचे, ११ पासून ६६ पर्यंत. थोडक्यात, टेबलावर बेसबॉल खेळायची इथली परंपरा बरीच जुनी आहे. शोडाउनने तिला दोन नव्या गोष्टी जोडल्या: पाकीट फोडल्यावर कोण निघेल याची उत्सुकता, आणि भूमिका वठवण्याच्या खेळांतला वीस बाजूंचा फासा.

आधी आम्ही नियमाप्रमाणे संघ बांधून खेळलो. प्रत्येक कार्डाला गुण असतात आणि वीस जणांच्या संघाची बेरीज ५००० च्या वर जाता कामा नये. नऊ बॅटर, चार सुरुवातीचे पिचर, उरलेले राखीव बॅटर किंवा नंतर येणारे पिचर. राखीव बॅटरचे गुण एक पंचमांशच धरले जातात. एवढं वाचून सोपं वाटतं, पण या पाच हजारांत आमची संध्याकाळच्या संध्याकाळ जायची. दोन बड्या खेळाडूंना घेतलं की तिसऱ्या बेसवर उभं करायला स्वस्तातला माणूस शोधावा लागतो. स्वस्त घ्यायचा तर कशात स्वस्त? हाताने चांगला पण बॅटने कच्चा, की उलट? लेकीने पहिल्यांदा सगळे होमरनवाले घेतले. फटके खूप, पण बेसवर आधी कोणीच नसायचं, त्यामुळे होमरन बसला तरी धाव एकच. पुढच्या संघात तिने ऑन-बेसचा आकडा बघून माणसं निवडली आणि मला धुऊन काढलं.

इथेच मला बेसबॉलमधली एक गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. २००१ च्या मरिनर्समध्ये इचिरोची सरासरी .३५०, आणि एडगर मार्टिनेझची .३०६. कोणीही म्हणेल इचिरो सरस. पण पिचरने चार चेंडू बाहेर टाकले की बॅटर चालत पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात, आणि तो सरासरीत धरत नाहीत. एडगर चेंडू सोडण्यात वस्ताद होता. दर शंभर वेळा बॅट हातात घेतली तर त्या वर्षी तो बेचाळीस वेळा बेसवर पोचायचा, इचिरो अडतीस. क्रिकेटमध्ये बाहेरचा चेंडू सोडणारा फलंदाज वेळ कमावतो. इथे सोडणारा माणूस थेट बेस कमावतो. टीव्हीवर हे मला कधी दिसलं नसतं, कारण टीव्हीवर चालत जाणाऱ्या माणसाकडे कोणी बघत नाही. कार्डावर मात्र वॉकच्या पुढे त्याचे आकडे छापलेले असतात, आणि तुम्ही पिचर असलात की ते बोचतात.

धावण्याचंही तसंच. सुरुवातीच्या संचांत वेगाचे तीन गट होते, २०, १५ आणि १०. ग्राउंडबॉल (जमिनीवरून गेलेला फटका) पडला, पहिल्या बेसवर माणूस आहे आणि दोन आउट झालेले नाहीत, तर बचाव करणारा फासा टाकून त्यात आपल्या इनफिल्डचे, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांचे, गुण मिळवतो. बेरीज बॅटरच्या वेगापेक्षा जास्त झाली की एका चेंडूत दोघं आउट. एडगर तेव्हा ३८ वर्षांचा होता, पाय थकलेले. तो बॅटला आला की मी मनातल्या मनात ग्राउंडबॉल मागायचो. आउटफिल्डच्या, म्हणजे लांब उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांच्या, नियमाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. धावणारा जास्तीचा बेस घ्यायला निघाला की तिन्ही आउटफिल्डरांच्या गुणांची बेरीज फाशात मिळवतात. एप्रिल २००१ मध्ये ओकलंडला इचिरोने राइट फिल्डमधून तिसऱ्या बेसवर जी फेक केली तिची आठवण इथे अजून काढतात. ती एकट्याच्या हाताची होती. तिघांच्या बेरजेत तो हात हरवतो.

पिचर किती इनिंग (दोन्ही संघांची तीन-तीन आउटची एकेक पाळी, सामन्यात अशा नऊ) टिकणार तेही कार्डावर असतं. तेवढ्या झाल्या की पुढच्या प्रत्येक इनिंगला कंट्रोल एकाने उतरतो, म्हणजे दर वेळी पाच टक्के पिचरच्या हातून निसटतात. ऐकायला पाच टक्के काहीच नाही. आठव्या इनिंगमध्ये एका धावेने पुढे असताना हेच पाच टक्के घेऊन बसलो की पिचर बदलू की नको यावर घसा कोरडा पडतो. डगआउटमध्ये बसलेला मॅनेजर एवढा वेळ नुसता समोर का बघत असतो, हे मला त्या टेबलावर समजलं.

मग आजोबांनीच विषय काढला. म्हणाले, गुणांची मर्यादा बाजूला ठेवा आणि ती मालिका परत खेळा. खरे संघ, खरे पिचर, त्याच क्रमाने.

दोन्ही संघांची कार्डं जमवणं हेच एक मोठं काम होतं. मरिनर्स बऱ्यापैकी खोक्यातच होते. यांकीजसाठी दुकानं पालथी घातली, काही इंटरनेटवरून मागवली. साधी कार्डं अगदी स्वस्त मिळतात, चमकत्या मुलाम्याची महाग. सगळी जमल्यावर लेकीने दोन रांगा लावल्या. एका रांगेत इचिरो, बून, एडगर, जॉन ओलरुड, माइक कॅमरन, पिचर फ्रेडी गार्सिया आणि जेमी मोयर, शेवटी सासाकी. दुसऱ्या रांगेत जीटर, बर्नी विल्यम्स, सोरियानो, पेटिट, मुसीना, क्लेमन्स आणि मारियानो रिव्हेरा. ती मरिनर्सची मॅनेजर. आजोबा यांकीजला हात लावायला तयार नव्हते, त्यामुळे यांकीज माझ्याकडे आले. आजोबांनी धावफलकाची वही घेतली. बेसबॉलची ती वही भरणं ही वेगळीच विद्या आहे. प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन, त्यात हिऱ्याच्या आकाराचं मैदान, जेवढे बेस घेतले तेवढ्या रेघा गडद. पानभर बघितलं की अख्खा सामना परत डोळ्यांसमोरून जातो.

पहिला सामना मरिनर्सनी घेतला, दुसरा माझ्या यांकीजनी. तिसरा न्यूयॉर्कचा. खरा तिसरा सामना मरिनर्स १४-३ असे जिंकले होते, तो त्यांचा त्या मालिकेतला एकमेव विजय. आमच्याकडे त्याच सामन्यात जेमी मोयरवर पहिल्या दोन इनिंगमध्येच फटके बसले आणि तो मी जिंकला. आजोबा वहीत मान घालून बसले होते.

चौथ्या सामन्याआधी त्यांनी खऱ्या चौथ्या सामन्याची हकिगत सांगितली. मरिनर्सच्या पॉल अ‍ॅबटने पाच इनिंगमध्ये एकही हिट दिली नाही, पण आठ वॉक दिले. सात इनिंग झाल्या तरी फलक कोरा. आठव्यात बूनने होमरन मारला आणि मरिनर्स १-० ने पुढे. त्याच इनिंगमध्ये बर्नी विल्यम्सच्या होमरनने बरोबरी. नवव्यात सासाकीच्या चेंडूवर सोरियानोने दोन धावांचा होमरन मारून सामना संपवला. सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर न्यूयॉर्कमध्ये तो ऑक्टोबर कसा होता तेही ते बोलले. त्या शहराचा आनंद त्यांना तेव्हाही समजत होता, आणि तरी हरणं हरणंच होतं, असं म्हणाले.

आमच्या चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगला मरिनर्स एका धावेने पुढे होते. दोन आउट, पहिल्या बेसवर माणूस, आणि बॅटला सोरियानो. लेकीने सासाकीचं कार्ड आधीच पुढे सरकवलेलं होतं.

"बाबा, बदलू का याला?"

"तुझा पिचर आहे. तू ठरव."

तिने आजोबांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत. तिने सासाकीलाच ठेवलं आणि फासा टाकला. चौदा. त्यात कंट्रोल मिळवला, सोरियानोच्या ऑन-बेसच्या वर गेला, वरचष्मा पिचरचा. आता मी टाकायचा. तीन पडले. सासाकीच्या तक्त्यात बघितलं, स्ट्राइकआउट. आजोबांनी वहीत मोठ्ठा के, म्हणजे स्ट्राइकआउटची खूण, काढला, टेबलावर हात आपटला आणि उठून उभे राहिले. इतक्या वर्षांचं काहीतरी त्यांच्या अंगावरून उतरताना मी समोर बसून बघितलं.

मालिका २-२. पाचवा सामना पुन्हा माझा, ३-२.

खऱ्या मालिकेत पहिले दोन सामने घरच्या मैदानावर हरल्यावर मरिनर्सचे मॅनेजर लू पिनेला यांनी सांगून टाकलं होतं की आम्ही सहाव्या सामन्यासाठी सिअ‍ॅटलला परत येऊ. ते परत येऊ शकले नाहीत. आमच्या टेबलावर सहावा सामना सिअ‍ॅटलला झाला. गार्सियाविरुद्ध मुसीना. नवव्या इनिंगला यांकीज दोन धावांनी पुढे, आणि मी रिव्हेराला आणलं. त्या वर्षी ५० सामने राखून दिलेला माणूस. तरीही इचिरोने सिंगल मारला, पुढच्याला वॉक मिळाला, एक आउट झाला, आणि बॅटला आला एडगर मार्टिनेझ.

आजोबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की रिव्हेरासमोर एडगर हा वेगळाच माणूस असतो. खरंच असतो. नियमित मोसमांत एडगरने रिव्हेराविरुद्ध १९ प्रयत्नांत ११ हिट्स मारल्या. आपल्याला सगळ्यात जड गेलेला बॅटर एडगर, असं रिव्हेराने स्वतः सांगितलेलं आहे. दोघंही हॉल ऑफ फेममध्ये एकाच वर्षी, २०१९ ला, गेले, आणि मुसीनाही त्याच वर्षी. तेव्हा एडगरच्या फाशात दोन तरी मिळवा, असा आजोबांचा आग्रह होता. मी तयार होतो. मला यांकीजचं प्रेम कुठे होतं?

लेक मरिनर्सची मॅनेजर, फायदा तिचाच. तिने मान हलवली.

"कार्डावर नाही, तर नाही. मग क्लेमन्सचंही काहीतरी काढाल, जीटरचंही काढाल."

मला तिचं पटलं आणि आजोबांचंही पटलं. कार्ड म्हणजे एका माणसाचं एक वर्ष, सगळ्यांविरुद्धचं मिळून. कोण कोणाला घाबरतो, कोणाच्या चेंडूची शिवण कोणाला दिसते, हे त्यात येत नाही. पण जे येतं ते इमानदारीने येतं. एडगरचे वॉक येतात, त्याचे थकलेले पाय येतात. प्रेमापोटी त्यात दोन मिळवले की तो एडगर राहत नाही, आपल्याला हवा तो माणूस होतो.

फासा टाकला. वरचष्मा रिव्हेराचा. दुसऱ्यांदा टाकला, ग्राउंडबॉल. इनफिल्डचा फासा मी टाकला, आणि वेगाचा आकडा सहज पार झाला. दोघं आउट, सामना संपला, मालिका यांकीजची.

आजोबांनी शेवटचा चौकोन भरला, बेरीज तपासली, खाली तारीख घातली आणि वहीचं ते पान लेकीला दिलं. मग म्हणाले, ४-२ हे ४-१ पेक्षा बरं आहे.

कोणाला हा खेळ सुरू करायचा असेल तर सुटी कार्डं भरलेला एखादा खोका शोधा. चमकत्या कार्डांच्या मागे लागू नका, फाशाला चमक कळत नाही. एकाच वर्षाचा संच घ्या, कारण वेगवेगळ्या वर्षांचे आकडे एकमेकांशी नीट जुळत नाहीत. डावपेचांची वेगळी कार्डंही खेळात असतात, ती पहिल्या काही सामन्यांना बाजूलाच ठेवा. आधी नुसते पिच आणि स्विंग, म्हणजे प्रत्येक बॅटरचे ते दोन फासे, खेळा, मग धावणं घ्या, मग पिचरचं थकणं. बेसबॉल अजिबात माहीत नसेल तरी हरकत नाही, या क्रमाने तो आपोआप कळत जातो. वही मात्र पहिल्या दिवसापासून भरा.

खेळ बंद झाला तरी चाहत्यांनी त्याच धर्तीवर नव्या मोसमांची कार्डं तयार करणारी साधनं बनवली आहेत. लेक सध्या त्यातच गुंतली आहे. २०२५ साली मरिनर्सचा कॅचर कॅल रॅली याने ६० होमरन मारले, आणि संघ अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात टोरंटोकडून एका धावेने हरला. वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली शेवटची मालिका, एकदाही न खेळलेला बेसबॉलच्या मोठ्या लीगमधला हा एकमेव संघ आहे. तिला २०२५ चे मरिनर्स २००१ च्या मरिनर्सविरुद्ध उभे करायचे आहेत. आजोबा कोणाकडून खेळणार, हे अजून ठरत नाहीये.